माझ्या अक्षरातली दहा दिवसांची कार्डं

आमच्या घरात देव नव्हता, त्यामुळे भुताचाही प्रश्न कधी आला नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून अंगारा, उतारा, नजर काढणं हे शब्द आमच्याकडे फक्त चेष्टेत वापरले जातात. माझे पप्पा पाटबंधारे खात्यात लिपिक होते, खडकवासल्याच्या ऑफिसात बरीच वर्षं. कोणी अमावास्येचं काही सांगायला लागलं की ते शांतपणे विचारायचे, "पाहिलंत का ऐकलंत?" समोरचा म्हणायचा, "ऐकलं." पप्पा म्हणायचे, "मग पाहिल्यावर या." विषय संपायचा.

तर आधीच कबूल करते... मीसुद्धा काही पाहिलेलं नाही. पाहिलं ते दुसऱ्यांनी. आणि त्यांनी जे पाहिलं, ती मी होते.

या ग्रुपवर दोन वर्षं नुसती वाचते आहे. लिहायची ही पहिलीच वेळ. नावं बदलली आहेत. लायब्ररीचं नाव कोणी इनबॉक्समध्ये विचारू नये, मी सांगणार नाही. तिथल्या माणसांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

मी स्नेहल, वय एकोणतीस. माझी पीएच.डी. शिळाछापाच्या मराठी पुस्तकांवर आहे. शिळाछाप म्हणजे दगडावर मजकूर उतरवून त्याचे छाप काढायचे; जुन्या पोथ्या, पंचांगं, वैद्यकाची पुस्तकं अशी पुष्कळ निघाली. या विषयावर नोकरी मिळत नाही हे मला गाईडनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पदवी घेतल्यावर मी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवत होते आणि उरलेल्या वेळात अर्ज भरत होते.

अशातच एका ट्रस्टची जाहिरात दिसली. नुकतीच पीएच.डी. झालेल्यांसाठी इंटर्नशिप — दुर्मिळ ग्रंथांच्या लायब्ररीत सहा महिने बसून काम, दरमहा अनुदान, शेवटी सर्टिफिकेट. पुढच्या मोठ्या फेलोशिपला अर्ज करायचा तर हे सर्टिफिकेट असलेलं बरं, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतं. अट एकच कडक होती. सहा महिन्यांत आठपेक्षा जास्त सुट्ट्या झाल्या तर इंटर्नशिप रद्द. कारण काहीही असो.

माझी निवड झाली. ते पत्र पप्पांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. म्हणाले, "म्हणजे तिथं बसायला मिळणार? रोज?"

"हो, पप्पा."

"चांगलं झालं," ते म्हणाले आणि पत्र घडी घालून मला परत दिलं. मग संध्याकाळी सोसायटीतल्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगितलं.

लायब्ररी पेठेत आहे. दगडी इमारत, एकच जिना. जिन्याच्या पायथ्याशी बाक आणि छोटं टेबल, त्यावर हजेरीचं रजिस्टर. तिथं मारणे काका बसतात. मूळचे मुळशीकडचे, लायब्ररीत शिपाई म्हणून आयुष्य गेलं. दुसऱ्या मजल्यावर दुर्मिळ विभागाची खोली. तीन उंच खिडक्या, त्यांच्या खालच्या काचांना पांढरा रंग, पुस्तकांवर ऊन पडू नये म्हणून. एक लांब टेबल, चार खुर्च्या. माझी शेवटची, भिंतीकडची. दाराला लागूनच लिमये मॅडमचं टेबल. लिमये मॅडम म्हणजे त्या विभागाच्या ग्रंथपाल. त्यांच्यासमोरून गेल्याशिवाय खोलीत येता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही. हे सगळं मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तुम्ही हेच विचाराल.

माझं काम असं — एका वैद्य घराण्यानं कधीकाळी दिलेली शंभरेक गाठोडी तिथं पडून होती. लाल कापडात बांधलेली. त्यांना 'रुमाल' म्हणतात. ती कोणी उघडलीच नव्हती. एकेक रुमाल सोडायचा, आतल्या प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड लिहायचं. रुमालाचा नंबर, नाव, पानं, छापखाना, अवस्था, शेरा. परत बांधून ठेवायचं. शाईचं पेन त्या खोलीत चालत नाही, फक्त पेन्सिल. मी डावरी आहे. त्यामुळे लिहिताना तळहात अक्षरांवरून फिरतो आणि माझ्या प्रत्येक कार्डावर ओळींवर एक करडा फराटा उमटतो. लिमये मॅडम पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या होत्या, "तुमचं कार्ड सही न बघताही ओळखता येतं. दुर्दैवानं."

तिसऱ्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, पप्पा दात घासताना पडले.

स्ट्रोक होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आम्ही विश्रांतवाडीला राहतो. येरवड्याच्या बाजूच्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांना दाखल केलं. दहाच्या सुमारास मी लिमये मॅडमना मेसेज टाकला की वडील ॲडमिट आहेत, काही दिवस येता येणार नाही. त्यांचं उत्तर आलं — 'काळजी घ्या.' मी फोन पर्समध्ये टाकला.

आमची पाळी ठरली. माझा भाऊ अमोलदादा हिंजवडीला नोकरीला आहे. रात्री तो थांबायचा. सकाळी साडेनऊला मी पोचले की मला वॉर्डचा पास देऊन तो कंपनीच्या बसकडे पळायचा. दिवसभर मी. दुपारी एकला रूपाली वहिनी डबा घेऊन यायची. संध्याकाळी सातला दादा परत. असे अकरा दिवस. दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी पप्पा गेले.

त्या अकरा दिवसांतलं मला फार आठवत नाही. कोणी विचारलं तर हिरवा पडदा सांगते, मॉनिटरचा आवाज सांगते. पण ते सगळ्यांनाच आठवतं, सिनेमातही असतं. आठवतो तो एक रविवार. तो मात्र स्पष्ट आठवतो. पप्पांची नखं कापली. सिस्टरच्या घड्याळाचा पट्टा तुटला होता आणि तिनं चिकटपट्टी लावली होती. वहिनीनं मुगाची खिचडी आणली होती, मीठ कमी होतं. पप्पांनी डाव्या हातानं माझा अंगठा बराच वेळ धरून ठेवला होता. बाकीचे दिवस... नाहीत. धुक्यात आहेत असंही नाही. नाहीतच.

सातव्या दिवशी घरी पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, नातेवाईक आले, जेवणं झाली. मी वाढलं, भांडी लावली. रडू आलं नाही. मावशी कोणाला तरी म्हणाली, "पोरगी दगड झालीय." मी ते ऐकलं आणि मला पटलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी लायब्ररीत गेले. काम करायला नाही. माझ्या हिशेबानं सोळा सुट्ट्या झाल्या होत्या. आधीचे दहा कामाचे दिवस आणि पप्पा गेल्यानंतरचे सहा. इंटर्नशिप गेली होती. ओळखपत्र आणि लॉकरची किल्ली परत करायची होती.

मारणे काका बाकावरून उठले. "ताई, समजलं आमाला. वाईट झालं." मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "त्या दिवशी जायचा टाइम लिवायचा राहिलाय तुमचा. तेवढा टाका, म्हंजी रेघ मारायला बरं."

"कोणत्या दिवशी, काका?"

"मागल्या गुरवारी."

मी पाहिलं. गुरुवारच्या पानावर माझी सही होती. येण्याची वेळ अकरा वाजून पाच मिनिटं. जाण्याची जागा रिकामी. मी पानं मागे उलटली. बुधवार, मंगळवार, सोमवार, शनिवार, शुक्रवार... रविवारी लायब्ररी बंद असते, तो सोडून प्रत्येक दिवशी माझी सही. माझीच. गायकवाडमधल्या 'ड'ची शेपटी खालच्या ओळीत घुसलेली, तशीच.

मी जिना चढले.

लिमये मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्या कोणासाठी उभ्या राहत नाहीत. "बसा," म्हणाल्या. पाण्याचा ग्लास पुढे केला.

मी म्हटलं, "मॅडम, माझ्या सुट्ट्या सोळा झाल्या. ओळखपत्र द्यायला आले आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सोळा? गणितात पीएच.डी. केली नाहीत ते बरं झालं. सहा झाल्या."

"वडील हॉस्पिटलमध्ये होते ते दहा दिवस मी आलेच नव्हते."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सावकाश, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं बोलल्या. "अहो, सोमवारी सकाळी तुमचा मेसेज आला, मी उत्तर टाकलं. आणि अकरा वाजता तुम्ही दारात हजर. मला वाटलं, भाऊ थांबला असेल. कामाला आलेल्या माणसाला 'का आलात' असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही."

"मी काही बोलले?"

"तुम्ही एरवी तरी कुठं बोलता? चहा विचारला, मान हलवलीत. डबा खाताना दिसला नाहीत. शुक्रवारी मी म्हटलंसुद्धा, घरी जा हवं तर. ऐकू आलं नसावं. खाली मान घालून लिहीत होतात." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "खरं सांगू का, इतकं काम तुम्ही त्याआधी कधी केलं नव्हतं."

त्यांनी कार्डांचा खण ओढला.

पन्नासाच्या वर कार्डं होती. तारखांसह. माझं अक्षर, माझे शब्द. 'कडा झिजलेल्या' असं मी लिहीत नाही, 'कडा गळालेल्या' लिहिते. तसंच होतं. आणि प्रत्येक कार्डावर तो करडा फराटा, डावीकडून उजवीकडे.

मला भीती वाटली नाही. हेच मला आजपर्यंत कोणाला समजावता आलेलं नाही. दचकलेही नाही. दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर गाल चाचपून बघावा तसं वाटत होतं. हे माझंच आहे, पण कळत नाही.

मी म्हटलं, "कॅमेरा आहे ना खाली? बघू या."

"कॅमेरा आहे," लिमये मॅडम म्हणाल्या. "तो चालू आहे असं कोणी म्हटलं? गणपतीपासून बंद आहे."

मग मी एक गोष्ट केली. त्या दिवसांतलं एक कार्ड न वाचता बाजूला काढलं, फक्त रुमालाचा नंबर पाहिला. मारणे काकांनी तो रुमाल आणून टेबलावर ठेवला, गाठ न सोडता. लिमये मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मी तोंड उघडलं आणि बोलू लागले. कसं, ते माहीत नाही. "वर नाडीपरीक्षेचं पुस्तक आहे. त्याच्याखाली दोन पंचांगं, एकाला मुखपृष्ठ नाही. सगळ्यात खाली पातळसं काहीतरी आहे, त्यातलं शेवटून तिसरं पान उलटं शिवलंय."

मॅडमनी गाठ सोडली. नाडीपरीक्षा. दोन पंचांगं. एकाला मुखपृष्ठ नव्हतं. सगळ्यात खालचं पातळ पुस्तक त्यांनी स्वतः उलटलं, शेवटून तीन पानं मोजली. मग पुस्तक मिटून कापडावर ठेवलं.

"झालं तर मग," त्या म्हणाल्या. "आलाच होतात. धक्क्यानं विसरलात, दुसरं काय."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. म्हणजे मी हॉस्पिटलमध्ये नव्हते. पप्पांना सोडून मी इथं येऊन बसत होते आणि घरच्यांनी त्याचा विषयही काढला नाही. बसमध्ये बसून मी हेच घोळवत होते, आणि त्यानंही काही वाटत नव्हतं.

घरी दादा होता. मी सरळ विचारलं, "पप्पांजवळ दिवसा कोण थांबायचं?"

त्यानं लॅपटॉप मिटला. "स्नेहल, बरी आहेस ना? तूच. रोज सकाळी तुझ्या हातात पास देऊन मी जायचो."

"आणि दुपारी?"

आतून वहिनी आली. "दुपारी मी डबा आणायचे ना. तू खुर्चीतून उठायचीही नाहीस. चार घास खा म्हणून मी मागे लागायचे."

मी रजिस्टरचं सांगितलं. कार्डांचं सांगितलं. दादानं हॉस्पिटलची फाइल काढली. पहिल्या बुधवारी पप्पांना नाकातून नळी घातली होती, त्याच्या संमतीपत्रावर माझी सही होती. खाली सिस्टरनं वेळ टाकलेली, बारा चाळीस. त्याच बुधवारी लायब्ररीच्या रजिस्टरमध्ये मी अकराला आत आणि साडेपाचला बाहेर होते.

"मधल्या वेळेत जाऊन यायचीस का?" दादानं विचारलं.

"जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. आणि मॅडम म्हणतात मी जागची हलले नाही."

"तेच तर," वहिनी म्हणाली. "आमच्याकडेही हलली नाहीस."

दादाचा स्वभाव इंजिनिअरचा आहे. त्यानं माझ्या फोनचं लोकेशन पाहिलं. ते मी बॅटरी वाचवायला कायम बंद ठेवते. कॉल पाहिले. त्या दहा दिवसांत दिवसा एकही नाही. मग म्हणाला, "तुझ्या नावावर दुसरंच कोणीतरी येऊन बसलं असेल."

"माझं तोंड घेऊन?"

त्यानं फाइल मिटून कपाटात ठेवली. पाच मिनिटांनी म्हणाला, "हे बघ, कोणाला सांगू नकोस. हजेरी आहे ना? सर्टिफिकेट घे आणि विषय सोड."

व्यवहारानं त्याचं बरोबर होतं. पण मला ते जमेना. दहा दिवस मी कामावर नव्हते, हे हॉस्पिटलच्या, माझी सही असलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. आणि दहा दिवस मी कामावर होते, हेही. सर्टिफिकेट घेतलं तर पहिला कागद खोटा होत होता. आणि तो खोटा झाला तर पप्पांजवळ कोणी नव्हतं.

मी संचालकांना अर्ज लिहिला की अमुक दहा दिवस मी गैरहजर होते, ते सुट्टीत धरावेत. अर्ज दोनच दिवसांत परत आला. लिमये मॅडमनीच हातात दिला. "मी त्यांना सांगितलं, मी रोज तुम्हाला बघत होते. आता तुमचा अर्ज मंजूर करायचा म्हणजे मी खोटं बोलते असं लिहून घ्यायचं. नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी, ती मला सुखानं काढू द्या."

"मॅडम, शेवटच्या गुरुवारचं सांगा ना," मी म्हटलं. "जायची वेळ का नाही?"

त्यांनी जरा आठवलं. "तीनला दहा कमी असतील. एक कार्ड लिहीत होतात, ते अर्धं टाकलंत. रुमाल बांधलात आणि माझ्यासमोरून निघालात. मी विचारलं, निघालात का? थांबला नाहीत. जवळजवळ धावतच गेलात. तुम्हाला एवढ्या घाईत मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तुमचा मेसेज आला तेव्हा वाटलं, घरून फोन आला असणार."

खाली येऊन मी मारणे काकांना विचारलं.

"मी बी इचार केला त्याचा," ते म्हणाले. "चढताना बघितलं तुमाला, सही बी माझ्यासमोर केली. पर उतरताना न्हाई. मी हितंच हाय, ताई, बाकावर. जिना एकच हाय. त्या दुपारी कुणी उतरलं न्हाई."

एका डॉक्टरकडेही जाऊन आले. चांगले होते. त्यांनी सांगितलं की मोठ्या धक्क्यात माणसाच्या आठवणीतून दिवसच्या दिवस पुसले जातात. मी म्हटलं, "माझ्या आठवणीतून गेले हे समजलं. पण दोन ठिकाणच्या चार माणसांच्या आठवणीत भर कशी पडली?" ते हसले नाहीत. झोपेची गोळी लिहून दिली. ती मी घेतली नाही, झोप येतच होती.

इंटर्नशिप पूर्ण झाली. सहा महिने संपले त्याच्या पुढच्या सोमवारपासून मी आणखी दहा दिवस गेले, अनुदानाशिवाय. ते दहा दिवस मला माझ्या हातानं भरून द्यायचे होते. लिमये मॅडम म्हणाल्या, "हौस असेल तर बसा. चहाचं तुम्हाला यापुढे विचारणार नाही, एकदम कपच ठेवीन." आणि तसंच केलं त्यांनी.

मी ते सगळे रुमाल सोडले आणि प्रत्येक कार्ड पुस्तकाशी ताडून पाहिलं. एकाही कार्डात चूक सापडली नाही. माझ्या स्वतःच्या, आठवणीतल्या कामात सात-आठ चुका निघाल्या होत्या. शेवटच्या गुरुवारचं अर्धं कार्डही होतं. पुस्तकाचं नाव, पानं, छापखाना, आणि पुढे 'अवस्था' हा रकाना कोरा. ते मी पूर्ण केलं नाही. तसंच खणात ठेवलं.

सर्टिफिकेट मी घेतलं. घरी फाइलमध्ये आहे.

इथपर्यंत असतं तर मी लिहिलंही नसतं. कार्डं काय, रजिस्टर काय, काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण मागच्या महिन्यात एका दुपारी मी आणि वहिनी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. दादा कामावर. वहिनी बराच वेळ एकच काडी हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "स्नेहल, एक सांगू? अमोलला माहीत नाही. तुला सांगावं की नाही, इतके महिने कळत नव्हतं."

"सांग."

"पप्पा शेवटच्या दिवशी बोलले होते."

मी म्हटलं, "त्यांची वाचा गेली होती."

"हो ना. म्हणून तर... त्या दिवशी मी डबा देऊन लगेच निघाले नव्हते. पावणेतीनला त्यांनी डोळे उघडले. तू त्यांचा हात धरून बसली होतीस. स्वच्छ बोलले गं, पडायच्या आधी बोलायचे तसे. म्हणाले, 'स्नेहू कुठं आहे?' मी म्हटलं, 'पप्पा, ही काय, तुमच्या हाताशीच बसलीय.' त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि म्हणाले..."

तिनं काडी खाली ठेवली.

"म्हणाले, 'ही नाही. स्नेहूला बोलवा.'"

नळ ठिबकत होता. मी उठून बंद केला आणि परत येऊन बसले.

"मग मी काय केलं?"

"तू म्हणालीस, 'पप्पा, मीच आहे.' रडली नाहीस की काही नाही. तीनदा तेच म्हणालीस, एकाच आवाजात. मला तुझीच भीती वाटली तेव्हा, खोटं कशाला बोलू. त्यांनी तुझा हात सोडला आणि दाराकडे तोंड केलं. ते दाराकडेच बघत राहिले, अर्धा तास तरी. मला वाटलं, आता असेच जाणार. आणि मग एकदम त्यांचा चेहरा... कोणी ओळखीचं आल्यावर होतो ना, तसा झाला. हात उचलला, डावा, थोडासा. म्हणाले, 'आलीस?' बस. मग मॉनिटर वाजायला लागला."

"दारात कोण होतं?"

"कोणी नव्हतं गं. मी वळून पाहिलं ना. पडदा हलला तेवढा."

मी मेथी निवडत राहिले. ती माझ्याकडे पाहत होती.

पेठेतून त्या हॉस्पिटलपर्यंत दुपारी रिक्षानं अर्धा तास लागतो. हे मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिलं. तीनला दहा कमी असताना निघाले आणि तीन वीसला वॉर्डच्या दारात उभी होते. त्या बेडवर दुसरं कोणीतरी होतं. त्यांच्या सुनेनं मला विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, कोणी नाही.

पप्पा म्हणायचे, पाहिल्यावर या. मी पाहिलेलं नाही. वहिनी, लिमये मॅडम, मारणे काका आणि दादा, या चौघांनी पाहिलं, आणि चौघांपैकी कोणी खोटं बोलणारं नाही. तुमच्यापैकी कोणाला याचा अर्थ लागत असेल तर जरूर लिहा. थकवा, धक्का, योगायोग हे शब्द मी वापरून झाले आहेत. पप्पांना त्या क्षणी दारात कोणीतरी दिसलं, एवढं मला सांगितलं गेलं आहे. ते मी धरून आहे. त्यांच्या हाताशी बसलेली कोण होती, ते मी कोणाला विचारत नाही.